ठोके मोजायचे तर छातीवर

पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढून माणूस वर पोचतो, कठड्याला हात टेकतो आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघतो. आकडा असतो ११२. प्रत्यक्षात छाती धडधडत असते, एक वाक्यही सलग बोलता येत नसतं. अर्ध्या मिनिटानं, धाप ओसरू लागल्यावर, तेच घड्याळ १४६ दाखवतं आणि मग हळूहळू खाली येतं. घड्याळ बिघडलेलं नसतं, बनावटही नसतं. ज्या क्षणी आकडा हवा होता त्या क्षणी त्याला तो सापडलेला नव्हता, एवढंच. व्यायामासाठी ठोके मोजणारं साधन घ्यायला निघालेल्या आणि खिशाकडे बघूनच खर्च करणाऱ्या माणसानं ही अर्ध्या मिनिटाची फट आधी समजून घ्यावी, असं मला वाटतं. दुकानात आपण पडदा केवढा, बॅटरी किती दिवस चालते, फोन घेता येतो का, हे विचारतो. विचारायला हवं ते हे की हे साधन अंगावर कुठे बसतं आणि नेमकं काय मोजतं. या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं तर दोन-चार हजार रुपयांत असं साधन मिळतं, जे ठोके मोजण्याच्या कामात त्याच्या दहापट किमतीच्या घड्याळाला मागे टाकतं. ते साधन म्हणजे छातीवर बांधायचा साधा पट्टा.

मनगटावरचं घड्याळ ठोके मोजत नाही, प्रकाश मोजतं. ते उलटं करून पाहिलं की काचेखाली हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्यासरशी कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत जरा जास्त रक्त येतं, जरा जास्त प्रकाश शोषला जातो आणि परत येणाऱ्या उजेडात किंचित घट होते. ती घट टिपायची आणि त्यावरून नाडीचा अंदाज बांधायचा, ही त्यामागची युक्ती. कल्पना जुनी आहे. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ आल्रिक हर्ट्झमन यांनी १९३०च्या दशकात या पद्धतीवर पायाभूत काम केलं. शांत बसलेल्या किंवा झोपलेल्या माणसावर ती छान चालते. घोळ होतो तो हालचालीमुळे. ठोक्यामुळे प्रकाशात पडणारा फरक अगदी थोडा असतो. हात झुलला, मूठ आवळली, घड्याळ दोन मिलिमीटर सरकलं, की त्याहून मोठा फरक पडतो. मग घड्याळातला प्रोग्राम हालचालीचा भाग वेगळा काढायला बसतो, काही सेकंदांच्या नोंदींची सरासरी धरतो, आणि त्यातूनच तो उशीर जन्माला येतो. धावणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. धावताना मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलं पडतात आणि प्रत्येक पावलाचा हिसका मनगटापर्यंत पोचतो. घड्याळ कधीकधी ही पावलांची लय पकडतं आणि तीच नाडी समजून दाखवत राहतं. हृदय १४० वर असतं, पडद्यावर १७० ठाम उभे असतात. नियमित धावणारे याला ‘केडन्स लॉक’ म्हणतात. घड्याळ केळ्याला गुंडाळलं तरी आकडा दाखवतं, असे व्हिडिओ अनेकांच्या फोनवर येऊन गेले असतील. त्यावरून घड्याळ खोटारडं ठरत नाही. लयीत बदलणारा प्रकाश शोधणं हे त्याचं काम आहे, आणि समोर नाडी नसली तरी ते शोधत राहतं.

छातीच्या पट्ट्याची जातच वेगळी. हृदयाचा स्नायू आकसण्याआधी त्यातून विजेची एक लाट जाते. छातीच्या कातडीवर तिचा जोर साधारण एक मिलिव्होल्ट भरतो. म्हणजे फार थोडा, पण तिचं टोक सुईसारखं उभं आणि स्पष्ट असतं. ही लाट नीट नोंदवणारं यंत्र नेदरलँड्सच्या विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभं केलं आणि त्यांना १९२४ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. दवाखान्यात आपला ‘कार्डिओग्राम’ काढतात तो याच घराण्यातला. पट्ट्याच्या आतल्या बाजूला वीज वाहून नेणाऱ्या रबराचे किंवा कापडाचे दोन तुकडे असतात. ते दोन जागांमधला विजेचा फरक टिपतात, मधली छोटी डबी एका लाटेच्या टोकापासून पुढच्या लाटेच्या टोकापर्यंतचा वेळ मोजते आणि आकडा बिनतारी फोनकडे किंवा घड्याळाकडे पाठवते. मैदानावर नेता येईल असं हे साधन प्रथम फिनलंडमध्ये घडलं. औलू विद्यापीठातले इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगास यांनी बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूंचे ठोके सरावातच मोजता यावेत म्हणून हे काम हाती घेतलं, १९७७ मध्ये पोलार ही कंपनी काढली आणि १९८२ मध्ये तिचं बिनतारी यंत्र बाजारात आलं.

हा इतिहास सांगण्याला कारण आहे. स्वस्त पट्टा चांगला कसा असेल, ही शंका बहुतेकांच्या मनात असते, आणि ती रास्त आहे. स्वस्तातली वस्तू किती दिवस टिकते हे आपल्याला अनुभवानं माहीत असतं. पण इथे वस्तूपेक्षा प्रश्नाकडे पाहायला हवं. उभं, टोकदार, छातीवर थेट उमटणारं विजेचं चिन्ह मोजणं हा तुलनेनं सोपा प्रश्न आहे आणि तो चाळीस वर्षांपूर्वीच सुटलेला आहे. आज त्यासाठी लागणारे भाग स्वस्त आहेत, पद्धत सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे साधी कंपनीसुद्धा ते काम बरं करते. मनगटावर प्रकाशानं नाडी शोधणं हा अवघड प्रश्न आहे. तिथे चांगला सेन्सर, चांगला प्रोग्राम, वर्षानुवर्षांच्या चाचण्या लागतात, आणि त्या सगळ्याचे पैसे महागड्या घड्याळाच्या किमतीत घातलेले असतात. म्हणून स्वस्त घड्याळ आणि महाग घड्याळ यांत ठोक्यांच्या बाबतीत मोठी तफावत पडू शकते. स्वस्त पट्टा आणि महाग पट्टा यांत ती बरीच कमी असते. ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत त्यानं सोपा प्रश्न सोडवणारी वस्तू निवडावी.

पुरावा काय सांगतो, तेही बघू. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या संशोधकांनी ५० निरोगी प्रौढांना ट्रेडमिलवर चालवलं, पळवलं. प्रत्येकाच्या अंगाला ईसीजीच्या तारा होत्या, छातीवर पोलारचा पट्टा होता आणि मनगटांवर त्या काळातली चार लोकप्रिय साधनं आलटूनपालटून बांधली होती. ‘जामा कार्डिऑलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या या अभ्यासात ईसीजीशी आकडे किती जुळतात ते १ पर्यंतच्या मापावर मांडलं आहे. १ म्हणजे तंतोतंत जुळणी. पट्टा ०.९९ वर होता. मनगटावरची साधनं ०.८३ ते ०.९१ या दरम्यान होती. यावर दोन आक्षेप घेता येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की अभ्यास २०१६-१७ मधला आहे आणि घड्याळं तेव्हापासून पुष्कळ सुधारली आहेत. खरं आहे; आजची उंची घड्याळं एकसारख्या चालण्या-धावण्यात पट्ट्याच्या बरीच जवळ येतात. पण ती ‘उंची’ घड्याळं. परवडणारं साधन शोधणाऱ्याच्या टप्प्यात ती नसतात, आणि दीड-दोन हजारांच्या घड्याळाला त्यांचं प्रमाणपत्र लावता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की तपासलेला पट्टा नामांकित कंपनीचा होता, स्वस्त नव्हता. हेही खरं. मात्र पट्ट्याच्या चुका बहुतेक दोन कारणांनी होतात: कातडी कोरडी असणं आणि पट्टा सैल असणं. ही दोन्ही कारणं वापरणाऱ्याच्या हातात आहेत. शिवाय पट्टा चुकतो तेव्हा उघड चुकतो. बसल्या जागी २२० दाखवतो, नाहीतर आकडाच गायब होतो, आणि आपल्याला लगेच कळतं की काहीतरी बिनसलं. घड्याळ चुकतं तेव्हा पटण्याजोगा आकडा दाखवतं. व्यायाम करणाऱ्याला जास्त त्रास ही दुसऱ्या प्रकारची चूक देते.

आपल्याकडे एक प्रश्न नेहमी येतो: हिरवा प्रकाश गडद कातडीत जास्त शोषला जातो, मग सावळ्या माणसानं मनगटावरचं घड्याळ घ्यावं का? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं २०२० मध्ये ५३ जणांवर केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या वर्णांच्या लोकांमध्ये अचूकतेचा लक्षणीय फरक आढळला नाही. त्यात जास्त ठळकपणे दिसलं ते दुसरंच: हालचाल करताना घड्याळांची चूक विश्रांतीच्या तुलनेत सरासरी ३० टक्क्यांनी जास्त होती. म्हणजे इथेही खरा दोषी हालचालच. वर्णाची धास्ती फार घेऊ नये. कातडीवरची शाई मात्र प्रकाश अडवते, त्यामुळे मनगटावर गडद गोंदण किंवा टॅटू असेल तर घड्याळ गोंधळू शकतं. हातात बांगड्या असतील तर घड्याळ हाडाच्या टोकावर सरकतं आणि तिथे मांस कमी, रक्तही कमी. जाहिरातीत या गोष्टी येत नाहीत, पण घरोघर त्या आहेत.

आणि आपण व्यायाम तरी कोणता करतो? परदेशी चाचण्या बहुधा ट्रेडमिलवर होतात. आपल्या घरात, तालमीत, टेकडीवर जे चालतं ते वेगळं आहे. सूर्यनमस्कारात दहापैकी निम्म्याहून जास्त स्थितींत तळवे जमिनीवर असतात, मनगट मागे वाकलेलं असतं आणि अंगाचा भार त्यावर असतो. वाकलेल्या मनगटात घड्याळाची कड कातडीत रुतते, वाहिन्या दाबल्या जातात, नाहीतर सेन्सर उचलला जाऊन बाहेरचा उजेड आत शिरतो. जोर मारतानाही तेच. डंबेल किंवा मुद्गल उचलताना मूठ आवळली की मनगटातले स्नायू आणि शिरा ताणतात आणि घड्याळाला नाडी हरवते. सायकलवर हँडल घट्ट धरून खडबडीत रस्त्यावरून जाताना हिसक्यांची भर पडते. पायऱ्या चढणं, थांबणं, पुन्हा चढणं, अशा चढउताराच्या व्यायामात तर अर्ध्या मिनिटाची दिरंगाई म्हणजे जवळजवळ सगळा फेराच हातचा गेला. त्याउलट सपाट रस्त्यावर एकाच गतीनं तासभर चालणाऱ्याला बरं घड्याळ पुरतं, कारण तिथे ठोके फारसे बदलतच नाहीत. म्हणून मित्राचं घड्याळ चांगलं चालतं या भरवशावर खरेदी करू नये. मित्र चालायला जात असेल आणि आपण सूर्यनमस्कार घालत असू, तर त्याचा अनुभव आपल्या उपयोगाचा नाही.

आता सर्वांत टोकदार आक्षेप. ठोक्यांची कमाल मर्यादा ज्या सूत्रानं काढतात तेच अंदाजपंचे असेल, तर साधनाच्या पाच-दहा ठोक्यांच्या चुकीचा एवढा बाऊ कशाला? सूत्र अंदाजपंचे आहे, यात वाद नाही. ‘२२० वजा वय’ हे सूत्र १९७०च्या आसपास फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या काही अभ्यासांतले आकडे एकत्र ठेवून, त्यांतून जाणारी ढोबळ रेघ म्हणून मांडलं. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांतल्या जवळपास १८,७०० लोकांची माहिती गोळा करून ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ असं सुधारित सूत्र दिलं. पंचेचाळिशीच्या माणसासाठी दोन्ही सूत्रं १७५-१७६ च्या आसपास येतात. पासष्टाव्या वर्षी मात्र पहिलं १५५ सांगतं आणि दुसरं १६२ च्या वर जातं. शिवाय कोणतंही सूत्र घेतलं तरी एकेका माणसाची खरी कमाल त्याच्या दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणं अगदी सामान्य आहे. हे सगळं मान्य करूनही आक्षेप टिकत नाही. कारण सूत्राची चूक आणि साधनाची चूक या दोन वेगळ्या जातीच्या चुका आहेत. भिंतीवरचं घड्याळ रोज दहा मिनिटं पुढे असेल तर घरातलं पोरही त्यातून दहा वजा करून शाळेला वेळेवर जातं. तेच घड्याळ कधी दहा मिनिटं पुढे, कधी पंधरा मिनिटं मागे जायला लागलं तर ते उतरवून ठेवावं लागतं. सूत्राची चूक पहिल्या प्रकारची. आपली खरी मर्यादा सूत्रापेक्षा आठ ठोके वर आहे हे दोन-तीन महिन्यांच्या व्यायामात आपलं आपल्याला कळतं आणि मग ती चूक उरत नाही. घाम, पकड, थंडी, घड्याळाच्या पट्ट्याचं भोक यांवर हलणारी चूक मात्र कधीच पाठ होत नाही. ठोके मोजण्याचा खरा उपयोग कालच्या स्वतःशी आजच्या स्वतःची तुलना करण्यात आहे: सिंहगडाचा तोच चढ, तोच वेग, तीन महिन्यांपूर्वी १५५ ठोके आणि आज १४४. ही अकरा ठोक्यांची कमाई दिसायची तर मोजणारं साधन त्याहून जास्त डगमगणारं चालत नाही.

इतकं म्हटल्यावर हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की पुष्कळांना यातलं काहीच विकत घेण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला. मध्यम म्हणजे काय, हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, एवढा वेग म्हणजे मध्यम. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी तर श्रमाची जाणीव मोजायला ६ ते २० अशी पट्टीच बनवली. तरुण निरोगी माणसात तिच्यावरचा आकडा दहानं गुणला की साधारण ठोके येतात, अशा बेतानं ती आखलेली आहे. अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजून चारानं गुणणं हीसुद्धा चांगली सवय आहे, आणि ती फुकट आहे. तिला मर्यादा आहेत. पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला तर मिनिटाला चारांचा फरक पडतो, आणि थांबून बोटं लावेपर्यंत ठोके उतरायला लागलेले असतात. पट्टा लागतो तो ज्याला व्यायाम न थांबवता आकडा हवा आहे त्याला: अर्धमॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला, घाटात सायकल चढवणाऱ्याला, ठरलेल्या मर्यादेत राहून श्रम वाढवायला डॉक्टरांनी सांगितलेल्या माणसाला, आणि दर वेळी जोशात येऊन जास्त पळणाऱ्या नवशिक्यालाही. नवशिक्याला तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो, कारण सावकाश पळणं म्हणजे किती सावकाश, हे त्याला दुसरं कोणी सांगत नाही.

पट्ट्याबद्दलची खरी तक्रार सोयीची आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. छातीभोवती इलॅस्टिक आवळून पळणं काहींना नकोसं होतं. बायकांना स्पोर्ट्स ब्राच्या पट्टीखाली तो बसवावा लागतो आणि तिथे काचतो. उकाड्यात घामोळं येतं. अशांसाठी मधला मार्ग आहे: कोपराच्या खाली किंवा दंडावर बांधायचा प्रकाशाचा पट्टा. त्याची पद्धत घड्याळाचीच, हिरव्या दिव्यांची. पण दंडावर मांस जास्त, हाड आत, मनगटासारखं वाकणं नाही, आणि रुंद मऊ पट्टीमुळे उजेड आत शिरत नाही. सूर्यनमस्कारातही तो जागचा हलत नाही. ठोक्यांच्या झटक्यांना तो छातीच्या पट्ट्याइतका चपळ नसतो, पण मनगटापेक्षा बरा असतो. छातीवर काहीच सहन होत नसेल तर मी दंडाला दुसरी पसंती देईन आणि मनगटाला तिसरी. ज्यांच्याकडे घड्याळ आधीच आहे त्यांनी ते टाकू नये. झोपेतले आणि सकाळचे ठोके ते चांगले मोजतं, आणि बरीच घड्याळं पट्ट्याचा आकडा स्वतःच्या पडद्यावर घेऊ शकतात. तशी सोय आपल्या घड्याळात आहे का, ते आधी बघून घ्यावं. जिममधल्या ट्रेडमिलच्या दांड्यांवर हात ठेवून येणारा आकडा मात्र सोडून द्यावा. पळताना दांडा धरून ठेवणं हे पळण्यालाही मारक आणि मोजण्यालाही.

घेताना काय बघायचं? सर्वांत आधी, पट्टा ब्लूटूथच्या ठरलेल्या सार्वत्रिक पद्धतीनं आकडा पाठवतो का. ब्लूटूथवर ठोके पाठवण्याची एक सर्वमान्य पद्धत गेलं दशकभर रुळलेली आहे. ती पाळणारा पट्टा कोणत्याही कंपनीचा असो, फोनवरच्या कोणत्याही चांगल्या व्यायाम-अ‍ॅपशी जुळतो. फक्त स्वतःच्याच अ‍ॅपवर चालणारा पट्टा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. कंपनीनं अ‍ॅप बंद केलं की तो पट्टा इलॅस्टिकच्या तुकड्याच्या किमतीचा. सायकलचा मीटर किंवा जुनं धावण्याचं घड्याळ असेल तर ‘अँट प्लस’ या दुसऱ्या बिनतारी पद्धतीचं नावही पाकिटावर लिहिलेलं हवं. बहुतेक स्वस्त पट्ट्यांत आता दोन्ही असतात. दुसरं, मधली डबी दोन टिचबटणांनी सुटी होते का. कापडी पट्टा घामानं वर्ष-दोन वर्षांत ढिला पडतोच. डबी सुटी होत असेल तर थोड्या पैशांत नुसता पट्टा बदलता येतो. तिसरं, सेल कोणता. ‘सीआर २०३२’ हा गोल चपटा सेल गल्लीतल्या घड्याळजीकडे मिळतो आणि नाण्यानं झाकण फिरवून बदलता येतो. कॅलरीच्या आकड्यासाठी मात्र एक रुपयाही जास्त देऊ नये. स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ मध्ये ६० जणांवर सात साधनं तपासली. ठोक्यांत त्यांतली सहा बरी ठरली, पण खर्च झालेल्या ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत चांगलं साधनसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. पोहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: ब्लूटूथच्या लहरी पाण्यातून जात नाहीत. पाण्यात आकडे साठवून ठेवणारा पट्टा लागतो, आणि तो महाग असतो.

नामांकित कंपनीचा पट्टा साध्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला मिळतो. त्यात कापड मऊ असतं, पकड चांगली असते, आठवड्यातून पाच दिवस वापरणाऱ्याला ते पैसे वसूल होतात. तीन दिवस चालणाऱ्या-पळणाऱ्याला साधा पट्टा पुरतो, पण तो नीट वापरायला हवा. बांधण्याआधी आतले दोन्ही काळे तुकडे पाण्यानं ओले करायचे. पहिल्या पाच मिनिटांत आकडा वेडावाकडा येतो तो बहुधा कोरड्या कातडीमुळे, आणि घाम सुटला की आपोआप ठीक होतो. पट्टा छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, दोन बोटं जेमतेम आत जातील इतका घट्ट हवा. व्यायाम झाला की डबी लगेच काढायची, कारण ओला पट्टा लागून राहिला तर डबी चालूच राहते आणि सेल उतरतो. पट्टा रोज साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावा. पावसाळ्यात हे टाळलं तर आठवड्याभरात वास येतो, मिठाचा थर बसतो आणि आकडे उड्या मारायला लागतात. लोक मग पट्टा खराब निघाला म्हणतात.

शेवटची गोष्ट पैशांची नाही, पण तिच्यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. छातीचा पट्टा ठोक्यांची संख्या सांगतो. हृदय निरोगी आहे की नाही ते सांगत नाही. आकडा ठीक दिसत असताना छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, घेरी आली, तर आकड्याकडे न बघता थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर त्या ठोक्यांना मुळातच वर जाऊ देत नाहीत. अशा माणसानं ‘२२० वजा वय’ धरून तो आकडा गाठायला जाणं धोक्याचं आहे. पेसमेकर असेल तर पट्टा बांधण्याआधीच डॉक्टरांना विचारायला हवं. चाळिशी ओलांडून व्यायामाला नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना आणि घरात हृदयविकार असलेल्यांना माझं सांगणं आहे: दुकानात जाण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, व्यायाम करताना माझे ठोके कितीपर्यंत गेलेले चालतील? तो आकडा कागदावर लिहून घ्या, आणि मग पट्टा घ्या.